रेशमावर डिजिटल छपाई करण्यापूर्वी: खानदेशचं पाणी, खानदेशची हवा आणि कापडाची पूर्वतयारी

जळगाव-धुळ्याकडे डिजिटल छपाई शिकलेला माणूस बहुधा सब्लिमेशनवर हात बसवून आलेला असतो. पॉलिस्टरचं कापड, छापलेला कागद, हीट प्रेस, झालं काम. सुरत एका रात्रीच्या गाडीवर, कापड आणि कागद दोन्ही तिथून तयार येतात. मग कधीतरी रेशमी स्टोल किंवा साडीची ऑर्डर येते आणि प्रिंटर कोणता, हेड (शाईचे थेंब सोडणारा भाग) कोणतं, शाई कुणाची यावर महिनाभर खल चालतो. कापडाला छपाईआधी काय लावायचं, हे मात्र शाई विकणाऱ्याने दिलेल्या एका कागदावर सोडून दिलेलं असतं. तो कागद खोटा नसतो. पण तो मऊ पाणी आणि एसीची खोली गृहीत धरून लिहिलेला असतो. बोअरचं पाणी आणि भुसावळचा मे महिना त्यात नसतो. म्हणून खाली दिलेली प्रमाणं सुरुवातीला धरायची आणि आपल्या पाण्यावर, आपल्या हवेत पट्ट्या छापून पक्की करायची.

शाईत सगळं का घालता येत नाही

स्क्रीन छपाईत रंग, गम, युरिया, सोडा असं सगळं एकाच पेस्टमध्ये असतं. इंकजेटमध्ये, म्हणजे थेंब उडवून होणाऱ्या डिजिटल छपाईत, ते जमत नाही. हेडची छिद्रं केसाहून बारीक, त्यातून पडणारा थेंब काही पिकोलिटरचा. शाईत गम घातला तर तो छिद्रातच बसेल. क्षार घातले तर हेड खराब होईल. आणि रिअॅक्टिव्ह शाईत (तंतूशी रासायनिक बंध करणाऱ्या रंगाची शाई) अल्कली घातली, तर रंग कापडाची वाट न पाहता बाटलीतल्या पाण्याशीच अभिक्रिया करून मोकळा होईल. म्हणून शाईत रंग ठेवायचा आणि त्याला लागणारं बाकीचं सगळं कापडावर आधीच चढवून ठेवायचं. यालाच प्रीट्रीटमेंट म्हणतात.

रेशमाच्या बाबतीत याला जास्त महत्त्व आहे. रेशमाचा तंतू लांबलचक, अखंड आणि गुळगुळीत. सुतात असे कितीतरी तंतू शेजारीशेजारी असतात आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी सरळ पळतं. कोऱ्या हाबोटाईवर (साध्या विणीचं पातळ रेशमी कापड) शाईचा थेंब टाकून पाहा: तो गोल राहत नाही, ताण्या-बाण्याच्या दिशेने अधिकच्या चिन्हासारखा पसरतो. बारीक रेघ जाड होते, दोन रंगांच्या सीमा एकमेकांत घुसतात आणि पसरल्यामुळे रंगही फिका दिसतो.

पायरी १: कापड खरंच रेशीम आहे का

दुकानात ‘सिल्क’ म्हणून जे मिळतं त्यात आर्ट सिल्क, म्हणजे कृत्रिम रेशीम, भरपूर असतं. ठाण सुरू करण्यापूर्वी ताण्याचे आणि बाण्याचे चार-चार धागे वेगवेगळे काढून जाळा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. व्हिस्कोस कागदासारखं जळतं. ताणा रेशमाचा आणि बाणा दुसऱ्याच कशाचा, असंही कापड सर्रास मिळतं, म्हणून दोन्ही तपासायचे. आणि ज्यांना आपल्या सब्लिमेशन मशीनवरच रेशीम छापून पाहायचंय त्यांच्यासाठी एकच वाक्य: ते रंग पॉलिस्टरसाठी आहेत, रेशमावर धुण्यात टिकत नाहीत.

पायरी २: सेरिसिन काढणं

तुतीच्या कच्च्या रेशमात वजनाच्या २० ते २५ टक्के सेरिसिन असतं, म्हणजे किड्याने दोन तंतू चिकटवायला वापरलेला डिंक. तो राहिला तर कापड कडक राहतं आणि पाणी धरत नाही. अर्धवट निघाला तर आणखी वाईट, कारण मग एकाच मीटरमध्ये रंग कुठे गडद, कुठे फिका बसतो. बहुतेकांनी डिगमिंग केलेलंच, म्हणजे हा डिंक काढलेलंच, कापड मागवावं. घरी करायचं असेल तर मऊ पाण्यात साबण आणि थोडासा धुण्याचा सोडा घालून ९० ते ९५ अंशांवर पाऊण ते दीड तास. खळाखळा उकळू नये, कापडावर घासल्यासारखे पांढुरके चट्टे येतात. आधी आणि नंतर कापड वाळवून वजन करा, जेवढं घटलं तेवढं सेरिसिन गेलं. सोडा जास्त झाला किंवा वेळ लांबली तर खुद्द तंतूच कमकुवत होतो. पांढरं करायला क्लोरीनचं ब्लीच कधीही वापरू नका, ते रेशीम खातं. हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं.

तयार कापड आलं तरी त्यावर फिनिश किंवा मऊपणाचं रसायन असू शकतं. त्यासाठी थेंबाची चाचणी पुरेशी आहे. ड्रॉपरने वेगवेगळ्या पाच-सहा जागी पाण्याचा थेंब टाका, मधोमध आणि दोन्ही काठांना. तो दोन-तीन सेकंदांत जिरला पाहिजे आणि सगळीकडे सारखाच जिरला पाहिजे. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर ‘हाऊ कपडा पानी पेस नही’ हे आमच्याकडचा कारागीर मीटर-बीटर न पाहता सांगतो. असं कापड सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुऊन, खळबळून, वाळवून पुन्हा तपासायचं.

पायरी ३: पाणी

इथे खानदेशातल्या माणसाने थांबावं. आपल्याकडे बऱ्याच गावांत बोअरचं पाणी कठीण आहे. घरात गिझरची कॉइल आणि नळाची तोटी पाहिली की कळतं. कठीण पाण्यातला कॅल्शियम दोन जागी घात करतो. डिगमिंगमध्ये साबणाशी मिळून चिकट साका तयार होतो, तो रेशमावर बसतो आणि पाण्याने सुटत नाही. छपाई झाल्यावर त्या जागी फिके ढग दिसतात. दुसरी जागा अल्जिनेट, म्हणजे रिअॅक्टिव्ह शाईच्या द्रावणात घालायचा गम. सोडियम अल्जिनेट आणि कॅल्शियम एकत्र आले की जेली बनते. बादलीत बारीक गुठळ्या दिसतात, आपण म्हणतो गम नीट ढवळला नाही. कितीही ढवळा, त्या विरघळणार नाहीत.

उपाय सोपा आहे. द्रावणासाठी आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. एका साडीला लागणारं द्रावण अर्ध्या लिटरच्याही आत असतं, तेवढं परवडतं. दुसरं पाणी नसेल तर गम घालण्यापूर्वी पाण्यात लिटरला १ ते २ ग्रॅम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट विरघळवा. क्रम महत्त्वाचा: गुठळ्या झाल्यावर घालून निस्तरत बसण्यापेक्षा आधी घातलेलं बरं. आणि टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो पाण्यात एकूण किती क्षार आहेत एवढं सांगतो, त्यातला कठीणपणा किती ते सांगत नाही. त्यासाठी थेंब मोजून करायचा हार्डनेसचा किट मिळतो.

पायरी ४: द्रावण

आधी शाई ठरवा. रेशमाला रिअॅक्टिव्ह आणि अॅसिड, दोन्ही शाया चालतात आणि दोघींची पूर्वतयारी एकमेकींच्या उलट आहे. रिअॅक्टिव्ह रंग रेशमाशी पक्का रासायनिक बंध करतो आणि त्याला अल्कली लागते. अॅसिड रंगाला आम्ल लागतं. त्याची चमक, विशेषतः मोरपंखी आणि राणी रंगात, डोळ्यात भरते, पण धुण्यातला टिकाऊपणा साधारणपणे कमी. रोज वापरायची ओढणी असेल तर मी रिअॅक्टिव्ह घेईन.

रिअॅक्टिव्ह शाईसाठी १ लिटर द्रावणाला:

सोडियम अल्जिनेट ८ ते १२ ग्रॅम
युरिया ५० ते ८० ग्रॅम
खाण्याचा सोडा २० ते २५ ग्रॅम
रेझिस्ट सॉल्ट ८ ते १० ग्रॅम

अॅसिड शाईसाठी १ लिटरला:

छपाईचा ग्वार गम ८ ते १२ ग्रॅम
युरिया ४० ते ६० ग्रॅम
अमोनियम सल्फेट २० ते ३० ग्रॅम

यातला प्रत्येक पदार्थ काय करतो हे कळलं की कागदाची गरज उरत नाही.

गम थेंबाला जागेवर धरतो. तो कमी पडला तर रंग पसरतो. जास्त झाला तर रेघ सुरीसारखी धारदार येते, पण रंग तंतूपर्यंत पोहोचतच नाही, गमाच्या पापुद्र्यात अडकतो आणि धुताना त्याच्याबरोबर वाहून जातो. शिवाय कापडाची मागची बाजू पांढरी राहते. भिंतीवर लावायच्या कापडाला ते चालेल, पण स्टोलची किंवा पदराची मागची बाजू सतत दिसते. म्हणून दोन्ही बाजूंनी दिसणाऱ्या वस्तूला गम खालच्या आकड्यावर ठेवा आणि थोडा पसरटपणा पत्करा. डिझायनर धारदार रेघेसाठी हट्ट धरतो, गिऱ्हाईक मात्र स्टोल उलटा करून पाहतं.

रिअॅक्टिव्हला ग्वार का नाही? ग्वारमधले हायड्रॉक्सिल गट रिअॅक्टिव्ह रंगाशी स्वतःच बंध करतात. रंग वाया जातो आणि गम धुऊन निघत नाही, कापड पुठ्ठ्यासारखं राहतं. अल्जिनेटवर ऋण भार असतो, रंगावरही ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना लांब ठेवतात.

छपाईनंतर रंग पक्का करायला कापड वाफेत ठेवतात. त्या वेळी युरिया पाणी धरून ठेवतो, तंतू फुगवतो आणि रंग विरघळलेला ठेवतो. व्हिस्कोसला जेवढा लागतो तेवढा रेशमाला लागत नाही, कारण रेशीम मुळातच साधारण हवेत ११ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून असतं. आता एक खास आपल्याकडची गोष्ट. घरात शेतीच्या युरियाचं पोतं असतंच आणि मोह होतो. करू नका. २०१५ पासून देशातला शेतीचा युरिया निमलेपित असतो, ते निमतेल रेशमावर डाग आणि वास सोडतं. आणि अनुदानाचं खत कारखान्याच्या कामाला वापरणं बेकायदेशीर आहे, ते वेगळंच. रसायनांच्या दुकानातून टेक्निकल ग्रेडचा युरिया घ्या.

सोडा म्हणजे खाण्याचाच, धुण्याचा नव्हे. याचं कारण नीट समजून घ्या, कारण निम्म्या चुका इथून निघतात. खाण्याचा सोडा साध्या तापमानाला सौम्य असतो, पीएच ८ च्या थोडा वर. वाफेच्या उष्णतेत त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, धुण्याचा सोडा तयार होतो आणि नेमकी हवी तेव्हाच अल्कली वाढते. पण ५० अंशांच्या पुढे हे रूपांतर सुरू होतं. म्हणजे गरम पाण्यात द्रावण केलं, की वाफवण्याआधीच ते कडक झालं: रेशीम पिवळसर पडतं आणि रंगाचा काही भाग वाया जातो. अमोनियम सल्फेटचीही हीच युक्ती, उलट दिशेने. वाफेत अमोनिया उडून जातो आणि मागे आम्ल राहतं. रेझिस्ट सॉल्टचं काम एवढंच की वाफवताना काही रंग क्षपण (रासायनिक रिडक्शन) होऊन मलूल पडतात, ते तो होऊ देत नाही.

करायची रीत अशी. निम्मं पाणी घ्या, ढवळत राहा आणि अल्जिनेट चिमटीने भुरभुरत टाका. एकदम ओतलं तर बाहेरून ओले, आतून कोरडे गोळे होतात. दोन-तीन तास फुगू द्या. युरिया वेगळ्या पाण्यात विरघळवा; विरघळताना भांडं हाताला चांगलंच गार लागतं, घाबरू नका. सोडा आणि रेझिस्ट सॉल्ट गार पाण्यात विरघळवून शेवटी मिसळा, पाणी घालून लिटर पुरं करा आणि जुन्या नायलॉनच्या साडीतून गाळून घ्या. द्रावण त्याच दिवशी संपवा. उन्हाळ्यात रात्रभर ठेवलेलं अल्जिनेट जंतूंमुळे सैल पडतं, आणि दुसऱ्या दिवशी ‘तेच द्रावण’ वापरूनही छपाई पसरते. एप्रिल-मे मध्ये सकाळी लवकर करावं, दुपारी नाही.

पायरी ५: कापडावर चढवणं

किती ग्रॅम घातलं यापेक्षा कापडाने किती उचललं हे महत्त्वाचं. त्याला पिक-अप म्हणतात. १०० ग्रॅम कोरडं कापड द्रावणात बुडवून पिळल्यावर १७० ग्रॅम भरलं, तर पिक-अप ७० टक्के. ७० ते ८० टक्क्यांच्या मध्ये राहा आणि एकदा ठरला की बदलू नका.

हिशेब करून पाहू. १४ मोमेचं क्रेप (पिळाच्या सुताचं रेशमी कापड); मोमे हे रेशमाच्या वजनाचं माप, एक मोमे म्हणजे चौरस मीटरला ४.३४ ग्रॅम, तेव्हा साधारण ६१ ग्रॅम. साडेपाच मीटर लांब, १.१४ मीटर पन्ह्याची साडी ३८० ग्रॅमच्या आसपास भरते. ७० टक्क्यांनी ती सुमारे २७० ग्रॅम द्रावण पिते. रोलर पिळताना दाब ढिला झाला आणि पिक-अप १०० टक्क्यांवर गेला, तर त्याच द्रावणातून युरिया, सोडा आणि गम सगळंच जवळपास दीडपट चढलं. कागदावरचं प्रमाण तेच, कापडावरचं निराळं.

पॅडिंग मँगल (कापड द्रावणात बुडवून रोलरमधून पिळणारं यंत्र) असेल तर उत्तम. नसेल तर टबात बुडवून, हाताने न पिळता, रबरी रोलरच्या जोडीतून सावकाश एका वेगाने काढा. वॉशिंग मशीनचा स्पिनर चालतो, पण घड्या पडलेल्या जागी द्रावण कमी-जास्त राहतं आणि ती घडी छपाईत रेघ होऊन उमटते. लहान स्टोल असतील तर चौकटीवर ताणून ब्रशने लावलेलं जास्त एकसारखं बसतं.

वाळवताना दोरीवर टाकू नका. ओलं कापड लटकलं की द्रावण हळूहळू खाली उतरतं, खालच्या काठाला गडद पट्टा येतो आणि दोरी जिथे लागली तिथे आडवी फिकी रेघ राहते. छापण्याआधी हे काहीच दिसत नाही, दिसतं ते धुतल्यानंतर. चौकटीवर आडवं ताणून सावलीत वाळवा. उन्हातही नको, पंख्याच्या थेट झोतातही नको, कारण ज्या बाजूने पाणी लवकर उडतं त्या बाजूला रसायनं ओढली जातात. स्टेंटर (कापड ताणून गरम हवेत वाळवणारं यंत्र) असेल तर ८० ते ९० अंश पुरे. घाईने १३० वर नेलं तर सोडा आधीच पालटतो आणि युरियाही वितळायला लागतो.

पायरी ६: हवा

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो आणि दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते. तिचे परिणाम तीन. रेशमावर स्थिर वीज जमते आणि बारीक थेंब जागा सोडून पडतात. हेडची छिद्रं सुकतात. आणि कापडातला ओलावा उडाल्यामुळे वाफवताना रंग कमी चढतो. पावसाळ्यात नेमकं उलट: युरिया हवेतलं पाणी ओढतो, कापड हाताला दमट लागतं, छापलेलं पसरतं. खोलीत ५० ते ६० टक्के आर्द्रता आणि २० ते २५ अंश हे ध्येय. आर्द्रतामापक काहीशे रुपयांत मिळतो, तो लावाच. डेझर्ट कूलर उन्हाळ्यात उपयोगी आहे, मात्र त्याचा झोत मशीनवर आणू नका आणि जून लागला की तो बंद. तयार केलेलं कापड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा आणि शक्यतो दोन-तीन दिवसांत छापा. छापण्याआधी तासभर त्याच खोलीत उघडं राहू द्या.

पायरी ७: पट्ट्या छापा

ऑर्डरचं कापड लावण्यापूर्वी गमाची तीन आणि युरियाची दोन प्रमाणं घेऊन सहा पट्ट्या तयार करा. प्रत्येकीवर एकच नमुना: उभ्या आणि आडव्या बारीक रेघा, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, प्रत्येक रंगाचा भरीव चौकोन आणि दोन रंग एकमेकांवर. उभ्या-आडव्या रेघा दोन्ही हव्यात, कारण क्रेपमध्ये एका दिशेचं सूत जास्त पिळाचं असतं आणि रंग दोन्हीकडे सारखा पसरत नाही. निकाल वाफवून, धुऊन, वाळवल्यावरच लावा. न वाफवलेली छपाई मलूल दिसते, ती पाहून शाई वाढवणं म्हणजे पैसे मोरीत ओतणं.

पट्टी पसंत पडली की मगच रंगाचं प्रोफाइल (त्या कापडावर कोणता रंग कसा उमटतो याची संगणकातली नोंद) करा. पुढे गमाचं किंवा युरियाचं प्रमाण बदललं, की ते प्रोफाइल बाद.

वाढीव रंगासाठी कॅटायनिक (धन भार असलेलं) रसायन किंवा तसंच काम करणारं कायटोसन लावण्याचा सल्लाही कोणी देईल. रंग चढतो हे खरं. पण ते लावलेली पांढरी जमीन धुण्याच्या पाण्यातला सुटा रंगही पकडते. भरगच्च डिझाइनला ठीक, पांढऱ्यावर नको.

पायरी ८: वाफ आणि धुणं

छापलेलं कापड पूर्ण वाळवून, दोन थरांमध्ये कोरा न्यूजप्रिंट किंवा जुनं सुती कापड घालून गुंडाळा. १०२ अंशांच्या आसपास ओल्या वाफेत रिअॅक्टिव्हला १० ते १५ मिनिटं, अॅसिडला ३० ते ४५ मिनिटं. वाफेच्या भांड्याच्या झाकणाखाली जाड कापड बांधा, वरून पडलेला पाण्याचा एक थेंब साडी बाद करतो.

पहिलं धुणं गार आणि भरपूर पाण्यात, कापड सतत हलवत. कमी पाण्यात भिजत ठेवलं की सुटा रंग पांढऱ्या जागी जाऊन बसतो. गार पाणी निवळलं की कोमट, मग सौम्य साबणाने, रिअॅक्टिव्हला ६० अंशांपर्यंत. गम पूर्ण निघाला की नाही हे बोटांना कळतं: ओलं कापड बुळबुळीत लागणं थांबलं पाहिजे. शेवटच्या पाण्यात थोडं अॅसेटिक आम्ल घातलं की रेशमाची चमक आणि करकर परत येते. हे पाणी विहिरीकडे किंवा नाल्याकडे सोडू नका, त्यात रंगाबरोबर युरियाही असतो.

बिघडलं तर कुठे पाहायचं

रेघा पसरल्या तर गम, मग खोलीतली आर्द्रता, मग शिळं द्रावण, या क्रमाने पाहा. रंग फिका पण रेघ स्वच्छ असेल तर गम जास्त आहे किंवा वाफ कोरडी आहे. कापड छपाईआधीच पिवळट दिसलं तर वाळवण्याची उष्णता. फिके ढग आले तर सेरिसिन किंवा साबणाचा साका. एकाच काठाला गडद पट्टा आला तर वाळवणी. आणि कापड तेच, शाई तीच, प्रमाण तेच, तरी मागच्या आठवड्याचा लॉट आणि आजचा लॉट जुळत नसेल, तर मशीनवाल्याला फोन लावण्याआधी टाकीत पाणी कुठून आलं ते विचारा. एप्रिलनंतर बोअर आटते, टँकर येतो, आणि ते पाणी कुठल्या विहिरीचं आहे हे कोणी सांगत नाही. हार्डनेसचा किट काढा आणि टँकर रिकामा होण्याच्या आत मोजा.